सोडलेली मासोळी

सुरेंद्रला चमच्याने जेवायला शिकवण्यात गावाने एक अख्खा उन्हाळा घातला. सावली या तालुक्याच्या गावापासून तासभर पायी गेलं की लागणारं हे ढिवरांचं, मासोळी धरणाऱ्यांचं, गाव. तलाव मोठा, घरं थोडी, आणि कामधंद्यासाठी नागपूरच्या पुढे गेलेला माणूस एकच. लटारूभाऊ. तरुणपणी ते कलकत्त्याला पलटणीच्या भटारखान्यात होते, म्हणून परदेशाचं सगळं खातं आपोआप त्यांच्याकडे आलं. कलकत्ता आपल्याच देशात आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकून घेतलं नसतं.

साल पंच्याण्णवचं. चंद्रपुरात कोण एक एजंट उतरला होता, तो दुबईच्या बर्फखान्यासाठी पोरं निवडत होता. मासे साफ करायचे, निवडायचे, खोक्यात भरायचे. तुला काय येतं, असं त्याने विचारलं तेव्हा सुरेंद्र म्हणाला, मासोळी. आणि त्याची निवड झाली. गावाला हा चमत्कारच वाटला. ढिवराच्या पोराला मासोळी धरता येते म्हणून कोणी विमानात बसवतो, असं पणजोबांच्या वेळेपासून कोणाच्या स्वप्नात आलं नव्हतं.

मग तयारी सुरू झाली. तिकडे भात मिळत नाही असं कळलं, म्हणून सुरेंद्रच्या बायकोने, साधनाने, त्याला सवय लावायला शेजारणीकडून गव्हाच्या पोळ्या शिकून घेतल्या. भाताच्या मुलखातली ती. तिच्या पहिल्या पोळ्या पाहून लटारूभाऊ म्हणाले की दुबईवाले याच्यापेक्षा बरं करत असतील. लटारूभाऊंनी सुरेंद्रला बूट घालून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, रोज फेऱ्या मारायला लावल्या, पायांना फोड आले, तरी बूट काढले नाहीत. सावलीच्या स्टुडिओत जाऊन टाय लावून फोटो काढला. टाय स्टुडिओवाल्याचा होता, आणि त्या आठवड्यात आणखी चार नवरदेवांच्या गळ्यात तोच होता. साधना हसली की सुरेंद्र चिडायचा, आणि चिडला की चमच्यातला भात मांडीवर सांडायचा. लग्नाला दोनच वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात साधना जितकी हसली तितकी पुन्हा कधी हसली नाही.

जायच्या आदल्या दिवशी सासूने, इंदिराबाईंनी, तिला तलावावर नेलं. पाळीखाली गंगामायचा शेंदूर फासलेला दगड होता. इंदिराबाई बोलायला कडक, पण साधनावर त्यांचा जीव. सून आली त्या दिवसापासून त्यांनी तिला स्वतःच्या ताटाशेजारी बसवून जेवू घातलं होतं. त्या म्हणाल्या, आपल्या घरचा माणूस मोठं पाणी ओलांडून जातो तेव्हा घरातल्या एका बाईने जिभेवरचं काहीतरी सोडायचं असतं. त्यांच्या सासूबाईंनी सोडलं होतं. सासरे बांबूचे तराफे घेऊन वैनगंगेतून दूर खाली गेले, तेव्हा ते परत येईस्तोवर त्या बाईने मासोळी तोंडात घातली नाही. चार महिने. सासरे सुखरूप आले, सोबतचे दोघे आले नाहीत.

साधनाने दुसऱ्या कोणाला पुढे होऊच दिलं नाही. तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन तिने सांगितलं की सुरेंद्र समुद्र ओलांडून माघारी येईल, तेव्हा त्याच्यासोबत एका ताटात मासोळी खाईन, तोवर जिभेला लावणार नाही. ढिवराच्या घरात हे बोलणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. ज्या घरात भाजी म्हणजे मासोळी, पाहुणचार म्हणजे मासोळी, आजाऱ्याचं पथ्य म्हणजेही मासोळीच, तिथे ती सोडायची म्हणजे जेवणच सोडायचं. इंदिराबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी डफ वाजवत गावाने सुरेंद्रला सावलीच्या स्टॅंडपर्यंत पोचवलं. त्याच्या गळ्यात इतके हार होते की कंडक्टरने विचारलं, निवडून कशात आलास.

त्यानंतर साधनाचं जे आयुष्य सुरू झालं, त्याला घरबसल्या परदेश म्हणायला हरकत नाही. नवरा दुबईला, म्हणून चालीरीती हिला बदलाव्या लागल्या. दुबईवाल्याची बायको सावलीच्या बाजारात टोपली मांडून बसते असं लोकांनी म्हणू नये, म्हणून इंदिराबाईंनी तिचा बाजार बंद केला. फाटकं पातळ नेसून विहिरीवर जायचं नाही. कोणी विचारलं तर तिकडे सगळं चांगलं आहे असं सांगायचं, आणि जास्त सांगायचं नाही. तिकडून येणाऱ्या पैशात मात्र नुसतं तेलमीठ भागायचं. तो पैसा नागभीडहून नणंदेच्या घरून यायचा. मनकर्णाच्या, म्हणजे सुरेंद्रच्या बहिणीच्या, नवऱ्याच्या नावावर बँकेत येतो असं कळलं होतं. जावई ट्रक चालवायचे, चार गावचं पाणी प्यायलेले, त्यांना बँकेचं कळतं, म्हणून त्यात कोणाला वावगं वाटलं नाही.

महिन्यातून एकदा सावलीच्या एसटीडी बूथवर फोन यायचा. साधना नवं पातळ नेसून दोन तास आधी जाऊन बसायची. सुरेंद्र सांगायचा, उन्हाळा इथी लय आहे, धूळ लय उडते, रोट्या खाऊन पोट दुखते. एकदा बोलता बोलता तिला फोनमधून एसटीचा भोंगा ऐकू आला, अगदी आपल्या एसटीचा. तिने विचारलं तर तो म्हणाला, दुबईत काय बसा नाहीत का? ती आपल्याच अडाणीपणावर हसली. बूथवाल्यालाही सांगून हसली.

पहिल्या दिवाळीला इंदिराबाई लेकीकडे नागभीडला जाऊन आल्या आणि आल्या तशा अंथरुणाला खिळल्या. ताप नव्हता, खोकला नव्हता, पण तीन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. साधना त्यांचे पाय चेपत बसायची. तिसऱ्या दिवशी त्या उठल्या, चूल पेटवली, आणि म्हणाल्या की मनकर्णाला दिवस गेलेत, तिला धुरावरच्या मासोळीचे डोहाळे लागलेत, दर महिन्याला एक गाठोडं पाठवत जाऊ. मनकर्णाचं लेकरू जन्मलं, रांगायला लागलं, तरी डोहाळे काही संपले नाहीत. लेकीची माया म्हणायची आणि साधना मासोळ्या साफ करायला बसायची.

त्या मासोळ्या करायची रीत इंदिराबाईंची एकटीची होती. वीतभर मांगूर मासा घ्यायचा, आतून साफ करायचा, आणि त्याची शेपटी त्याच्याच तोंडात अडकवून गोल कडं करायचं. ती कडी चिंधीत ओवून चुलीवर टांगायची. धूर आतूनबाहेरून सारखा लागतो असं त्यांचं म्हणणं. गावात बाकी कोणी असं करत नव्हतं. बायका थट्टेने म्हणायच्या, इंदिराबाईच्या घरी मासोळ्याबी बांगड्या घालतात. साधना साफ करायची, कडी वळवायची, हाताला तो वास रात्रंदिवस असायचा, आणि स्वतः वरणात भात कालवून अंबाडीच्या भाजीशी जेवायची. पहिले काही महिने तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. नंतर ते सुटायचंही बंद झालं.

दुसऱ्या पावसाळ्यात तिला चक्कर यायला लागली. सावलीच्या डॉक्टरने डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त नाही म्हणून सांगितलं. ढिवराची बाई असून मासोळी खात नाही, हे ऐकून तो थोडा रागावलाच. इंदिराबाई शेजारीच उभ्या होत्या. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, डॉक्टरले काय समजते नवसाचं, नवस अर्धा टाकला का उलटते. साधनाला त्यांचं म्हणणं पटलं. सासूला आपल्यापेक्षा आपल्या नवसाची काळजी जास्त आहे, या गोष्टीचा तिला तेव्हा अभिमानच वाटला.

बाजार बंद झाला तरी पोट बंद होत नाही. साधना आपल्या वाट्याची सुकी मासोळी गुपचूप चंदाच्या टोपलीत घालायची. चंदा गावातलीच, नवरा वारलेली, जिभेची धारदार. ती सुकटीची टोपली घेऊन पार राजुरा, गडचांदूर, कोरपन्यापर्यंतचे बाजार करायची. कोरपन्याकडे सिमेंटचे कारखाने, देशभरचा कामगार, आणि तलाव म्हणावा असा एक नाही. कापसाच्या मुलखात मासोळीला भाव चांगला. सत्त्याण्णवच्या संक्रांतीनंतर चंदा तापाने पडली. टोपली भरलेली, माल खराब व्हायला आलेला. साधना म्हणाली, या खेपेला मी जाते. तिथी मले कोण ओळखते? दुबईवाल्याच्या बायकोला बाजार करायचा तर तो ओळखीच्या माणसांपासून जितका लांब तितका बरा.

सासूला तिने मूल गावी आईकडे जाते म्हणून सांगितलं. खोटं बोलली. जाताना गंगामायच्या दगडासमोर थांबून त्याची माफीही मागितली. आता आठवलं की तिला तिचीच कीव येते.

चंद्रपूरला बस बदलून ती कोरपन्याला पोचली. काळी जमीन, कापसाच्या गाड्या, दुरून दिसणारी धुराडी, आणि माणसं हिंदी बोलणारी, तेलुगू बोलणारी. पहिल्यांदा तिला वाटलं की सुरेंद्रलाही तिकडे असंच वाटत असेल, सगळे परके, कोणाचं काही समजू नये. तिने जीव लावून माल विकला. टोपलीत थोडी मासोळी उरली. चंदाने सांगून ठेवलं होतं की उरलेला माल कारखान्याच्या रस्त्याच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत तिकडे ने, ठेक्यावरची पोरं घेतात. म्हणून ती तिकडे गेली.

खोल्यांची एक लांब रांग होती. सगळ्यांवर करड्या धुळीचा थर. सहाव्या की सातव्या खोलीसमोर तारेवर एक पॅंट वाळत होती, आणि पॅंटीच्या बाजूला मासोळी टांगलेली होती. गोल कडी. ज्याची शेपटी त्याच्याच तोंडात.

साधनाला आधी आनंद झाला, हे खरं आहे. इतक्या लांब आपल्या घरची वस्तू दिसली म्हणून तिला बरं वाटलं. मनकर्णाबाईने कोणाला विकली असेल, किंवा जावयांनी ट्रकवरच्या कोणाला दिली असेल, असं काहीतरी तिच्या मनात आलं. मग ती जवळ गेली. कडी ज्या चिंधीत ओवली होती ती गुलाबी होती, तिला पिवळी किनार होती. तिच्या लग्नातल्या पातळाची किनार. होडीच्या खिळ्याला अडकून ते पातळ फाटलं तेव्हा इंदिराबाईंनी त्याच्या चिंध्या करून ठेवल्या होत्या. याच मासोळ्या तिने मागच्या पंधरवड्यात स्वतः साफ केल्या होत्या.

शेजारच्या खोलीपुढे एक तेलुगू बाई भांडी घासत होती. साधनाने तिला विचारलं, ये किसका घर है. बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, सुरेंदर का. चंद्रपूर साइडवाला. उसका माँ मच्छी भेजता, हर महीना, ट्रक से. आणि तिने हसून पुढे विचारलं की तू त्याच्या गावची आहेस का.

साधना उंबऱ्यावर बसली. उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. एक चटई, स्टो, खिळ्याला लटकवलेला आरसा, आणि आरशाच्या बाजूला स्टीलचा चमचा. तो चमचा तिच्या माहेरहून आलेला होता. त्याच्या दांड्यावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं.

पाळी सुटली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. करड्या माणसांचा एक घोळका रस्त्याने आला. केस करडे, भुवया करड्या, त्यांतला नवरा कोणता हे तिला ओळखताच आलं नाही. एक जण चालता चालता थांबला, एवढंच तिला दिसलं.

"तू इथी काऊन आली?" सुरेंद्र म्हणाला.

दीड वर्षाने भेटलेला नवरा पहिली गोष्ट ही बोलला. त्यानंतर तो पुष्कळ बोलला, रडलाही, पण साधनाला आठवतं ते हेच. जणू चूक तिची होती.

त्याने सगळं सांगितलं. मुंबईत एजंटाने त्यांना एका लॉजमध्ये कोंबलं, आज विमान, उद्या विमान करत महिना काढला आणि एका सकाळी तो दिसेनासा झाला. कागद खोटे निघाले. सुरेंद्र कसाबसा चंद्रपूरपर्यंत आला. स्टॅंडवर सावलीची एसटी उभी होती. तो तिच्या पायरीवर चढला होता. तेवढ्यात त्याला डफ आठवला, हार आठवले, लटारूभाऊंनी पाळीवरून चालवलेले बूट आठवले. तो पायरीवरून उतरला आणि शेजारच्या गाडीत बसला. ती कोरपन्याची होती. चार महिन्यांनी सिमेंटची पोती भरताना त्याला जावयांनी पाहिलं, त्यांनी मनकर्णाला सांगितलं, आणि दिवाळीला आईला.

इथपर्यंत साधनाला त्याचा राग आला नाही. खरं सांगायचं तर तिला दया आली. माणूस फसतो, लाजतो, लपतो. तिने त्याच्या भुवयांवरची धूळ पदराने पुसलीसुद्धा असती. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय तिचा हात उचलत नव्हता.

"मीनं मासोळी सोडली, हे तुमाले ठाऊक होतं?"

सुरेंद्रने मान खाली घातली. "आईनं सांगतलं होतं."

"कवा?"

"दिवाळीलेच. मी म्हनलं, तिले सांगून टाक. आई म्हणे, सांगतलं तर ते माहेरी निघून जाईन, गावभर बोभाटा होईन. सोडू दे म्हणे. मासोळीनं काय माणूस मरते."

"अन् तुमी खात होते."

तारेवरच्या कड्यांकडे त्याने पाहिलंही नाही. मग जणू यातून काही सावरता येईल, अशा आवाजात म्हणाला की हाबी परदेसच आहे साधना, इथी कोणाची बोली समजत नाई, मी दीड वर्स रोट्या खाऊन राह्यलो. आणि पुढे असंही म्हणाला की थोडे दिवस दम धर, पैसा जमला की मी दुबईहून आल्यासारखा येतो, लोकांना काय कळणार आहे.

तेव्हा मात्र साधनाचं मन विटलं. ज्याच्यासाठी तिने दीड वर्ष तोंड बांधलं, तो तिला आता त्याच खोट्यात आपल्या शेजारी बसायला जागा करून देत होता. ती उठली. टोपलीत उरलेली मासोळी तिने शेजारच्या तेलुगू बाईच्या ओट्यावर ओतली, तारेवरची चिंधी दातांनी तोडून काढली, आणि आपल्या लग्नाच्या पातळाचा तेवढा तुकडा कमरेला खोचून ती स्टॅंडकडे चालायला लागली. कडी मातीत पडली. सुरेंद्र ती वेचायला वाकला की तिच्यामागे यायला निघाला, हे तिने मागे वळून पाहिलं नाही.

रात्र तिने चंद्रपुरात चंदाच्या बहिणीकडे काढली. बसमध्ये सकाळी तिला उमगलं की आपण नवऱ्याचा विचारच करत नाही आहोत. विचार येत होता तो सासूचा. नवरा तर दोन वर्षांच्या ओळखीचा, त्यातलं अर्धं लाजण्यात गेलेलं. इंदिराबाई मात्र रोज समोर होत्या. चक्कर आली की डोक्याला तेल लावायच्या, झोप येत नाही म्हटलं की जवळ घेऊन थोपटायच्या, आणि दर महिन्याला तिनेच साफ केलेली मासोळी तिच्याच चिंधीत बांधून लेकाला धाडायच्या. डॉक्टरच्या दारातलं ते वाक्य तिला आठवलं. नवस अर्धा टाकला का उलटते. तेव्हा सासूला ठाऊक होतं. नवस कोणाच्या नावाने आहे, तो माणूस कुठे आहे, सगळं ठाऊक असून त्या माउलीने तिच्या अंगातलं रक्त आटू दिलं होतं. विश्वासाने मान द्यावी आणि ज्याच्या मांडीवर डोकं ठेवलं त्यानेच सुरी फिरवावी, असं तिला झालं. बसमध्ये ती रडली. शेजारच्या म्हातारीने विचारलं, माहेरून येतेस का बाई, तर तिने मान हलवली.

गावात शिरल्यावर ती घरी गेली नाही. पाळीवर ढिवर जाळी झाडत होते. एकाकडून तिने रोहू घेतला. लटारूभाऊ तिथेच बसले होते. त्यांनी विचारलं, दुबईवाला काय म्हणते. साधना म्हणाली, संध्याकाळी सांगते भाऊ.

इंदिराबाई दळण घेऊन गेल्या होत्या. साधनाने चूल पेटवली. मिरची, लसूण, धणे पाट्यावर वाटले. मासोळी शिजली तसा वास घरभर झाला, अंगणात गेला, शेजारणीच्या ओसरीपर्यंत गेला. तिने एकच ताट घेतलं. भात वाढला, त्यावर रस्सा घातला, आणि दाराकडे तोंड करून बसली.

पहिला घास तिने तोंडात घातला तेव्हा तिला वाटलं होतं की डोळ्यांत पाणी येईल, किंवा चव तरी कळेल. काही कळलं नाही. ती जेवत राहिली.

इंदिराबाई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन दारात आल्या. त्यांनी आधी सुनेचं तोंड पाहिलं, मग ताट पाहिलं. डबा उतरवायचंही त्यांना सुचलं नाही.

"अवो पोरी, हे काय करून राह्यली? तुया नवस..."

"नवस समुद्राचा होता बाई," साधना म्हणाली. "कोरपन्याले समुद्र नाई."

तिने कमरेची चिंधी काढून ताटाच्या बाजूला ठेवली. इंदिराबाईंनी डबा खाली ठेवला आणि त्याच्याच शेजारी जमिनीवर बसल्या. चिंधीकडे पाहतच त्या बोलायला लागल्या. लेकाची लाज झाकायची होती, म्हणाल्या. तू तरुण, निघून गेली असतीस, मग मी एकटी काय केलं असतं. तुझ्या तोंडाकडे पाहून रोज सांगावंसं वाटायचं, आणि रोज एक दिवस उशीर व्हायचा. लेक फसला तो परक्याकडून फसला, त्याला पुन्हा गावाने हसावं असं आई म्हणून कसं पाहू. त्या खोटं बोलत नव्हत्या. साधनालाही ते कळत होतं, आणि कळूनही आत काही हलत नव्हतं.

साधनाने एवढंच सांगितलं की येत्या बाजारी मी टोपली घेऊन सावलीत बसणार आहे, भर चौकात, आणि कोणी दुबईचं विचारलं तर खरं सांगणार आहे. इंदिराबाईंनी हात जोडले. सुनेपुढे सासूने हात जोडलेले साधनाने कधी पाहिले नव्हते. तिने नजर ताटात वळवली आणि मोठा घास घेतला.

सवय मोडली होती. ढिवराची लेक, पाच वर्षांची असल्यापासून जिभेने काटे वेचणारी, आणि रोहूचा काटा तिच्या घशात अडकला. ती खोकली, डोळ्यांत पाणी आलं, श्वास घेता येईना. ज्या पाण्याची ती मघापासून वाट पाहत होती ते आता काट्यामुळे आलं.

इंदिराबाई क्षणात उठल्या. विचार केलाच नाही, हात आपसूकच चालला. पातेल्यातला कोरडा भात घेतला, मुठीत दाबून त्याचा गोळा केला, घशात काटा अडकला की आई लेकराला देते तसा, आणि सुनेच्या तोंडापुढे धरला. "गीळ, चावू नको," त्या म्हणाल्या. याच हाताने त्यांनी तिला या घरातला पहिला घास भरवला होता.

साधनाने त्या हाताकडे पाहिलं. घसा टोचत होता. तिने आपल्या ताटातल्या रश्शाने न भिजलेल्या कडेचा भात वेचला, स्वतःच्या मुठीत दाबला, आणि न चावता गिळला. पहिल्या गोळ्याने काटा गेला नाही. तिने दुसरा केला. इंदिराबाईंचा हात अजून पुढेच होता, आणि त्यातला भात हळूहळू सुटून तिच्या ताटाच्या बाजूला, त्या गुलाबी चिंधीवर, पडत होता.